मथळ्याची ओळ

एकवीस गावांच्या दूध सोसायट्या, एकवीस फायली,
आणि खानापूर स्टँडामागच्या खोलीत
पंखा, मी, इन्व्हर्टरचा एक हिरवा डोळा.

गाव कुठल्या रकान्यात आहे तेच आधी शोधायचं.
नंदगडच्या फाइलीत "गाव".
इटगीत VILLAGE, सगळी अक्षरं ओरडत.
लोंढ्याच्या माणसानं लिहिलंय "गाव१",
"गाव२" कुठंच नाही.
कक्केरीची उघडली तेव्हा मी "ऊर" वाचलं
आणि थांबले,
रकान्यात कुणी छाती का मोजतंय म्हणून.
शेवटचा उकार मीच खाल्ला होता.
"ऊरु". कन्नडातलं गाव ते.
मराठी शाळेत शिकले, बाजार कन्नडात केला,
तरी असं होतं कधी कधी.
दिवसभर डोक्यातून गेलं नाही:
एक भरून येतो,
एक सोडून जावा लागतो.

नियम साधे. चार ओळींत बसतात.
मोठी अक्षरं लहान करायची.
मधल्या जागी खाली रेघ.
टोकाला राहिलेली मोकळी जागा छाटायची,
ती कुणाला दिसत नाही, कुणाच्या उपयोगाची नाही.
मग एक यादी, डावीकडे आलेलं, उजवीकडे हवं ते.

"हालु" : दूध
"कोब्बु", "फ्याट", "फॅट %", नुसतं "एफ" : फॅट
"हेसरु" : नाव
"बाकी" : बाकी

शेवटची ओळ उगीचच लिहिली.
खोडली. परत लिहिली.

(मी स्वतः रेशनकार्डावर बिर्जी,
दहावीच्या गुणपत्रिकेत बिर्जे,
बँकेत सुगंधाचा धा कुठंतरी सांडलेला.
डावीकडची की उजवीकडची,
अजून कुणी ठरवलेलं नाही.)

शनिवारी चालवलं.
एकवीस फायली एका मथळ्याखाली येऊन बसल्या,
लग्नातल्या पंगतीसारख्या, कुणी कुरकुरलं नाही.
बसनगौडा सरांनी चहा सांगितला, वर खारी.

सोमवारी जांबोटीहून फोन. इराप्पा हुद्दार, सेक्रेटरी.
"बाई, पेमेंट कुणाच्या नावावर काढलाय?
चांदीच्या?"
चांदी कोण?
"म्हस."

यादी उघडली.
चांदी, बाराशे चाळीस रुपये.
तांबू, नऊशे साठ.
गौरव्वा, दोन हजार दहा, सही बाकी.
जांबोटीची सगळी जनावरं
ओळीनं उभी, पैसे घ्यायला.

त्याच्या फाइलीत दोन रकाने होते.
"नाव", तो मालक.
आणि "नाव", पुढं एक जागा मोकळी, ते जनावर.
"एकच नाव दोनदा घेत नव्हता गे तो कॉम्प्युटर.
म्हणून बोटभर जागा सोडलो. मुद्दाम.
खट्टं गेली ती?"

मी छाटली, इराप्पा मामा.
दोन्ही नावं एक झाली
आणि मागून आलेलं पुढच्याच्या अंगावर बसलं.
कुठं लाल झालं नाही, कुठं थांबलं नाही.
सात वर्षं जांबोटीत
कुणाची म्हस कुणाची हे
त्या एवढ्याशा न दिसणाऱ्या जागेवर चाललं होतं.

दुपारभर बसून लिहिलं: मालक_नाव. जनावर_नाव.
आणि यादीच्या वर एक नवी ओळ,
आधी किती होते मोज, नंतर किती उरले मोज,
दोन सारखे झाले तर
पुढं जाऊ नकोस, मला हाक मार.

रात्री परत फोन केला.
चांदीचे बाराशे चाळीस मल्लव्वा गावड्यांच्या खात्यात
गुरुवारपर्यंत जातील म्हणाले.
मागं कुणीतरी बादली आपटत होतं,
तो तिकडं कन्नडात ओरडला, इकडं माझ्याशी मराठीत,
पुन्हा तिकडं.
"बाकी," म्हणाला वहीत लिहिता लिहिता,
कुठल्या भाषेत ते मला कळलं नाही.